घरसंसार : धूर हवा, कडवटपणा नको

वैशाखाचे ऊन तापू लागले, की गोव्यातील ख्रिस्ती घरांत 'पुरुमेंता'ची घाई सुरू होते. पावसाळ्यात पुरेल अशी बेगमी, हा त्या शब्दाचा अर्थ. तो पोर्तुगिजांच्या भाषेतून कोकणीत आला. मडगावला पवित्र आत्म्याच्या मंदिराच्या सणास 'पुरुमेंताचे फेस्त' हे नाव पडले ते यावरूनच. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, उकडे तांदूळ यांच्या जोडीला घरोघर चोरिसांच्या माळाही लागतात. डुकराचे मांस मीठ, मिरची, लसूण व माडाच्या सुरेच्या शिरक्यात मुरवून आतड्यात भरावयाचे, उन्हात वाळवावयाचे आणि मग धुरावर टांगावयाचे, अशी त्यांची रीत. जपमाळेच्या मण्यांसारखी लहान लहान चोरीस एका दोऱ्यात ओवलेली पाहिली, की घरात पावसाळ्याची सोय झाली असे गृहिणीस वाटते.

परंतु याच दिवसांत एक तक्रारही ऐकू येते. मसाला नेहमीचाच, मांस ताजे, ऊनही भरपूर. तरी पहिला घास घेताच तोंड कडू होते व जीभ किंचित बधिर झाल्यासारखी वाटते. सांप्रत मांसाचा भाव काय आहे हे गृहिणींस सांगणे नलगे. एवढा खर्च व चार दिवसांचे कष्ट मातीमोल होताना पाहून कोणासही वाईट वाटेल. म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करू.

पेडणे महालातील हळर्णसारख्या गावी याची गरज अधिक आहे. शापोरा नदीकाठचा तेथील किल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉयने १७४६ साली जिंकला व त्याबद्दल पुढे त्यास 'आलोर्नचा मार्किस' ही पदवी मिळाली. तथापि पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती कायमचा गेला तो १७८८ मध्ये. बारदेश व सासष्टी यांच्या मागून सुमारे अडीचशे वर्षांनी. त्यामुळे या बाजूस ख्रिस्ती घरे तुलनेने थोडी. सासष्टीत चार घरे टाकून एखादी जाणती आजी भेटेल. येथे विचारावयास अनुभवी माणूस जवळ असतोच असे नाही.

आता मुख्य प्रश्न. कडवटपणा येतो कोठून? धूर म्हणजे एकच पदार्थ नव्हे. लाकूड नीट तापून मंद जळते तेव्हा त्यातून सुवासिक द्रव्ये निघतात. मांसास जो खमंग वास येतो तो त्यांचाच. पण लाकूड ओले असले अथवा त्यास हवा पुरी मिळाली नाही, तर ते अर्धवट जळून घुसमटते. मग पांढरा, दाट, डोळे झोंबविणारा धूर निघतो. त्यात पाण्याची वाफ, काजळी व डांबरासारखी चिकट द्रव्ये असतात. हा धूर थंड व ओलसर मांसावर आदळला, की तेथेच थिजून त्याचा तपकिरी लेप बसतो. तो लेप हेच कडवटपणाचे मूळ.

येथे कोणी विचारील, आमच्या आजीच्या वेळी हे का होत नव्हते? याचे उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात आहे. तिची माळ चुलीच्या बरीच वर, आडव्या बांबूवर टांगलेली असे. चुलीत वाळलेले लाकूड रोज जळे, आणि वरच्या कौलांच्या फटींतून धूर सतत बाहेर जाई. म्हणजे माळेस लागे तो विरळ, चालता धूर. आणि तोही दिवसेंदिवस, थोडा थोडा. आज बहुतेक घरांत गॅस आला, कौलांच्या जागी सिमेंटचे छत आले. हौसेने कोणी परसात पत्र्याचे पिंप मांडतो, त्यात ओली लाकडे कोंबतो, वर झाकण घट्ट बसवितो आणि आठ दिवसांचे काम एका दुपारी उरकू पाहतो. चोरीस कडू होते ते या कोंडलेल्या धुरामुळे आणि या घाईमुळे.

आता उपाय. पहिली गोष्ट लाकडाची. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असू शकते. म्हणून आंब्याचे वा फणसाचे लाकूड चिरून, काही महिने पावसापासून राखून वाळविलेले घ्यावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटता खणखणीत आवाज आला, तर ते वाळले असे समजावे. नारळाची करवंटी निखाऱ्यास चांगली. सोडणे मात्र फार धुमसतात, ती थोडीच घालावी. काजूच्या बियांची टरफले कदापि जाळू नयेत. पेडण्याकडे ती विपुल मिळतात, पण त्यांतील तेल कातडी भाजून काढणारे असते आणि त्यांचा धूरही तितकाच जहाल. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड व राळ असलेल्या लाकडाची खोकी हीही वर्ज्य. विस्तव पेटविण्यास रॉकेल वापरू नये. त्याचा वास मांसात राहतो.

दुसरी गोष्ट मांसाची. माळ ओली असताना धुरावर नेऊ नये. उन्हावाऱ्यात ठेवून वरचे आवरण हातास कोरडे लागले, म्हणजेच ती धुरास योग्य झाली. निखाऱ्यापासून ती उंच असावी. चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून जळले, तर काजळी वर चढते आणि अपायकारक द्रव्येही वाढतात.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पिंपास खाली हवा घेण्यास भोके व वर धूर जाण्यास मोकळी वाट हवी. वरची वाट कधीही बंद करू नये. धूर कमी करावयाचा तर लाकूड कमी घालावे; हवा कोंडू नये. पिंपात पूर्वी रंग, तेल वा औषध ठेवलेले नसावे. बाहेर येणारा धूर पातळ, निळसर व जेमतेम दिसेल असा झाला, की माळ टांगावी. शंका असल्यास एक स्वच्छ पांढरी बशी त्या धुरात काही मिनिटे धरून पाहावी. तिच्यावर चिकट तपकिरी डाग बसला, तर तोच मांसावरही बसणार. मग थांबणे बरे.

मिस्साच्या वेळी धूपदाणी तयार करणारे वेदीसेवक हा नियम पाळतातच. कोळसा पुरता पेटून वरून राखाडी होईपर्यंत ते धूप घालीत नाहीत. घाई केली, तर सुगंधाऐवजी अर्ध्या कोळशाचा उग्र दर्प मंदिरभर होतो. चुलीचा न्याय वेदीच्या न्यायाहून वेगळा नाही.

पहिल्या दिवशी तास-दीड तासच धूर द्यावा. एक रात्र जाऊ द्यावी, मग एक चोरीस नीट शिजवून चाखावे. धूर कमी वाटला तर पुन्हा देता येतो; जास्त झालेला काढता येत नाही. लेप बसलाच, तर शिरक्यात भिजविलेल्या फडक्याने माळ पुसावी व शिजविताना आवरण काढून टाकावे. बराचसा कडवटपणा त्यासरशी जातो. साखर घालून तो झाकू नये. दोष नेहमी धुराचाच असतो असेही नाही. लसूण करपली असेल किंवा सोरा अधिक पडला असेल, तरी चव बिघडते. शिवाय प्रमाणाबाहेर सोरा घातकही असतो. यासाठी भरण्यापूर्वीच मसाल्याच्या मांसाचा लहानसा तुकडा शिजवून पाहावा.

आणखी दोन शब्द प्रकृतीविषयी. धूर दिला म्हणजे मांस निर्धास्त झाले, असा समज घातक आहे. मीठ, शिरका, ऊन व धूर ही चौघे मिळून ते राखतात. एकट्या धुराच्या भरवशावर राहू नये. घरी केलेले चोरीस शीतकपाटात ठेवावे व पूर्ण शिजवूनच खावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेल्या व धुरावलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हा हा पदार्थ सणासुदीचा व बेताने खाण्याचा मानावा. आणि हे सारे काम उघड्यावर करावे. धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात आपल्या आयांनी आयुष्यभर जो खोकला सोसला, तो चवीच्या नावाखाली पुन्हा घरात आणण्याचे कारण नाही.

तात्पर्य, कोरडे लाकूड, कोरडी माळ, मोकळी हवा आणि सवड, एवढे जमले की कडवटपणास जागा उरत नाही. यांतील पहिल्या तीन गोष्टी परसात मिळतात. चौथी प्रत्येकाने आपल्या पदरची घालावयाची आहे. आणि पावसाची झड लागलेल्या एखाद्या रविवारी, मिस्साहून परतलेले घरचे सारे ताटावर बसतील, तेव्हा तिचे मोल कळेल.