जुनें भिंग आणि नवा कॅमेरा

गेल्या दिवाळीपूर्वीं माडीची झाडलोट चालली असतां आमचे कैलासवासी थोरले बंधु दादा यांच्या ट्रंकेंतून चामड्याची एक लांबोळी पेटी निघाली, आणि तिजवरून घरांत लहानसा वाद उपस्थित झाला. पेटींत दूरच्या वस्तूंचें छायाचित्र घेण्याचें भिंग होतें. जपानांतील आसाही कंपनीचें 'सुपर-टाकुमार', २०० मिलिमीटरचें, १९६० नंतरच्या दशकांतलें. दादांचा कॅमेरा केव्हांच निकामी झाला. भिंग मात्र राहिलें. पुण्यास नोकरीस असलेला आमचा पुतण्या म्हणाला, "काका, हें आतां विकून टाकूं. जुन्या वस्तूंचे शौकी घेतात." त्याच्या पत्नीचें मत पडलें कीं, मामंजींची वस्तु परक्या घरीं जाऊं नये. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. शेवटीं पुतण्यानें आपला सोनीचा डिजिटल कॅमेरा आमच्या हातीं दिला व आम्हांस परीक्षक नेमलें. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास नाहीं म्हणवलें नाहीं.

पहिला प्रश्न जोडणीचा. या भिंगास ४२ मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा सांधा आहे. जर्मनींत ड्रेस्डेन येथें १९४९ सालीं निघालेल्या 'कॉन्टॅक्स एस' या कॅमेऱ्यास असाच सांधा होता. पुढें तो अनेक देशांच्या कारखान्यांनीं उचलला. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्यें आरसा हलण्यास जागा लागे, म्हणून सांध्यापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर ठेवीत. पुतण्याच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हेंच अंतर १८ मिलिमीटर आहे. तेव्हां मध्यें २७.४६ मिलिमीटरची पोकळ नळी घातली कीं काम झालें. तींत कांच नको, वीज नको. बाजारांतून आणविलेली ही नळी, म्हणजे अडॅप्टर, केसभर आखूड निघाली. त्यामुळें फोकसचें कडें अनंताच्या खुणेपर्यंत फिरविलें असतां दूरचें झाड अस्पष्ट होतें व किंचित् मागें यावें लागतें. अनंताच्या पलीकडे जाणारें यंत्र आम्हीं प्रथमच पाहिलें.

आपल्यास भिंग लागलें आहे हें कॅमेऱ्यास कळतच नाहीं. भिंगाविनाही शटर उघडूं द्यावें, अशी आज्ञा त्यास आधीं द्यावी लागते. हात कांपल्यास चित्र सांवरण्याची सोय आहे, तिलाही २०० हा आंकडा आपणच सांगावयाचा. भिंगाच्या अंगावर एक लहान खिटी आहे. ती 'ए'वरून 'एम'वर सरकविली नाहीं तर छिद्राचें कडें कितीही फिरवा, छिद्र उघडेंच राहतें. पहिल्या दिवशीं आम्हीं चाळीस चित्रें या अज्ञानांत घेतलीं, आणि ४ व १६ या आंकड्यांत कांहीं फरक दिसेना म्हणून बिचाऱ्या भिंगास नापास करून मोकळे झालों!

दुसऱ्या दिवशीं परीक्षा शिस्तीनें घेतली. ओसरीच्या भिंतीस पंचांगाचें पान चिकटविलें, दूर तिपाई मांडली, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून कळ दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र निघेल अशी योजना केली. छिद्राचा आंकडा कॅमेरा टिपीत नाहीं, म्हणून प्रत्येक चित्राचें टिपण वहींत केलें. छिद्र पूर्ण उघडें, म्हणजे ४ वर, अक्षरें वाचतां येतात, पण शाई फिकी वाटते व अक्षरांस जांभळट कड येते. जांभळे किरण इतर रंगांच्या किरणांशीं एका ठिकाणीं मिळत नाहींत, त्याचा हा परिणाम. फिल्मच्या काळीं पोस्टकार्डाएवढ्या प्रतीवर तो क्वचितच डोळ्यांत भरला असता. ५.६ वर कड बरीच ओसरते, आणि ८ वर अनुस्वारही स्वच्छ उठतो. १६ वर पुनः मऊपणा येतो. पण अरुंद छिद्रांतून जातांना प्रकाश पसरतोच, त्यांत जुन्या भिंगाचा अपराध नाहीं.

आमच्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसविलेलें भिंग आहे, आणि तें एकाच अंतरास नीट पाहतें. त्या डोळ्यानें, हातानें कडें फिरवून फोकस साधेल कीं नाहीं, ही आमची खरी धास्ती होती. नव्या कॅमेऱ्यानें ती दूर केली. चित्राचा इवलासा भाग पडद्यावर मोठा करून दिसतो, आणि पापण्यांवरची धूळ दिसावी इतकें स्पष्ट होईपर्यंत कडें फिरवीत बसतां येतें. दादांस ही सोय नव्हती. त्यांचा डोळा चांगला होता.

मग राक्षसभुवनास गोदेच्या कांठीं गेलों. १७६३ सालीं थोरल्या माधवरावांनीं येथें निजामाच्या सैन्याचा पराभव केला. आमची मोहीम बगळ्यांपुरती होती. दहा मीटरवर फोकस साधला तर उघड्या छिद्राशीं पुढेंमागें मिळून जेमतेम हातभर जागा स्पष्ट राहते. बगळ्यानें दोन पावलें टाकलीं कीं गेला त्याबाहेर! अर्जुनाची गोष्ट वर्गांत आम्हीं कितीदां सांगितली असेल. परंतु द्रोणाचार्यांनीं झाडाच्या शेंड्यावर ठेवविलेला तो भास पक्षी कारागिरांकडून करविलेला, कृत्रिम होता, हें सांगावयाचें राहून जाई. साठ चित्रांत आमचीं नऊ साधलीं. सूर्यासमोर धरल्यास मात्र चित्रावर दुधाळ पडदा येतो. आंत बुरशीचे दोनचार तंतु आहेत. ज्यांच्या घरीं अशीं भिंगें असतील त्यांनीं तीं चामड्याच्या पेटींतून काढून कोरड्या डब्यांत ठेवावीं. चामडें ओल धरतें.

आमचा निकाल तयार होता : ५.६ ते ८ वर उत्तीर्ण, सूर्यासमोर अनुत्तीर्ण, विकल्यास फारसें मोल नाहीं. एक गोष्ट उरली होती. फोकसच्या कड्यावर सात मीटरच्या आसपास नखरंगाचा लाल ठिपका होता. हें अंतर कशाचें, तें कोणास सांगतां येईना. एके सकाळीं माडीच्या खिडकींत बसून आम्हीं कडें त्या ठिपक्यावर आणिलें व कॅमेरा अंगणभर फिरविला. तुळशीवृंदावनापाशीं येतांच मंजिऱ्या एकदम लखख झाल्या.

वहिनींस तें चित्र दाखविलें. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला भारी राग येई, भावजी. पूजेच्या वेळीं वरून कळ वाजायची."

विक्रीची गोष्ट पुतण्यानें पुनः काढिली नाहीं. परवां भिंग नव्या डब्यांत ठेवण्यापूर्वीं त्यानें तें स्पिरिटानें पुसलें. कडें पुसतांना तेवढा ठिपका वगळला.