इंजिनाचे दागिने
स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनावर कार्बन तंतूंची काळी, चकचकीत झाकणे बसवण्याची हौस अनेकांना असते. कार्बन तंतू आणि रेझिन यांचा हा संमिश्र पदार्थ पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश घनतेचा, तरीही तंतूंच्या दिशेने अत्यंत बळकट असतो. १९८१ साली मॅक्लारेनने शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच त्याचा केला. त्याच वर्षी मोंझा येथील भीषण अपघातातून चालक जॉन वॉटसन सुखरूप बचावला. तेथे हा पदार्थ आघात सोसत होता. शोभेच्या झाकणावर मात्र कसला भार? १५०० किलोग्रॅमच्या मोटारीत अर्धा किलो वाचला, तर तो तीन हजारावा हिस्सा! हौस जरूर करावी, पण तिला वेग समजू नये. नवा पदार्थ दिसला की आधी विचारा : येथे तो कोणते काम करतो?