‘मुळातच असेल’ म्हणजे काय?

परवा परभणीत एका कार्यक्रमात एका विद्वान गृहस्थांनी टाळ्या घेत तीन गोष्टी सांगितल्या. मनाच्या आजाराचं सोंग कुणालाही घेता येतं. तो रक्तातच असतो, सैन्याचा त्यात संबंध नाही. आणि अशा जवानांना कोर्टं अपंगत्वाची पेन्शन वाटत सुटली तर तिजोरी पुरायची नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत जवानांचे आईवडीलही होते, म्हणून लिहावं लागतंय.

तिजोरीचं एका वाक्यात सांगतो: अपंगत्व किती टक्के हे मेडिकल बोर्ड ठरवतं आणि नेहमीच्या निवृत्तीत ते २० टक्क्यांच्या खाली भरलं, तर या पेन्शनचा हक्कच उभा राहत नाही. ढोंगी ओळखायला मनोविकारतज्ज्ञ आहेत. ढोंग्याच्या भीतीने खऱ्या रुग्णाला उपाशी का ठेवायचं?

खरा राग आहे तो ‘रक्तातच असतो’ या शब्दांचा. जिंतूर तालुक्यातल्या एका जवानाच्या घरी मी बोर्डाचा कागद पाहिला. घड्यांवर फाटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. आजार सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द, ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’. म्हणजे मुळातच असेल. भरतीच्या वेळी याच पोराला ‘शेप वन’ ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी दिली होती, आणि त्यातला पहिला ‘एस’ मनाच्या तब्येतीचाच असतो. घेताना धडधाकट आणि परत पाठवताना जन्मापासूनचा रोगी? धर्मवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं मानायचं, आणि उलट सिद्ध करायचा भार सरकारचा. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात न्यायालयाने फेरतपासणी करायला लावली.

गृहस्थ २०१९ चा नरसिंग यादव निकाल पुढे करतील. करू देत. भरतीत स्किझोफ्रेनिया दिसला नाही एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरता येणार नाही, असं त्यात म्हटलंय, आणि ते मला मान्य आहे. पण त्यातून बोर्डाला कारण न लिहिण्याची मुभा कुठे मिळते?

हे ‘मुळातच असेल’ आपल्याला नवं नाही. शेतकऱ्याने जीव दिला की मराठवाड्यात प्रस्तावावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहितात. एक लाखाच्या मदतीसाठी मेलेल्याच्या दारूची, घरातल्या भांडणाची चौकशी होते. सातबाऱ्यावरचा कर्जाचा बोजा पुरावा म्हणून कमी पडतो. माणूस मोडला की आधी त्याच्या घरात खोट शोधायची, या वृत्तीशी मी वीस वर्षं वाद घालतोय.

मागणं फार नाही. बोर्डाने कारण सविस्तर लिहावं, पोस्टिंगचा आणि रजांचा इतिहास समोर ठेवावा, घरच्यांना विचारावं. दाद मागायला इथल्या माणसाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापर्यंत जावं लागतं. माणसांना घाबरणाऱ्या जवानाला देवगिरी एक्सप्रेसच्या गर्दीत रात्रभर बसवून न्यायचं कुणी? त्याची सुनावणी परभणीतून व्हिडिओवर व्हावी.

जिंतूरकडच्या त्या घरातून निघताना त्या जवानाच्या बायकोने सांगितलं, लग्नानंतरची पहिली सहा वर्षं हा सुट्टीवर आला की गावभर हसत फिरायचा. सातव्या वर्षी आला तो दार लावून बसला. तारीख तिला पाठ आहे. कुठल्याच बोर्डाने ती तिला विचारलेली नाही.