मोरीचे पाणी आणि परसातली माती

आपल्या वरंधच्या उतारावर जुलैत पाऊस थांबत नाही आणि एप्रिलमध्ये हंडा भरत नाही. म्हणून मोरीचे पाणी आपण अळूला, केळीला सोडतो. हे शहाणपणच आहे. पण सगळे सांडपाणी सारखे नसते.

अंघोळीचे, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडाला चालते. कपड्यांच्या पावडरीत आणि धुण्याच्या सोड्यात मात्र सोडियम असते. ते रोज एकाच जागी ओतले, की मातीचे कण सुटतात, बारीक छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो. पाणी मुरत नाही, पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यात हे क्षार बरेचसे धुऊन जातात. उन्हाळ्यात साचत राहतात.

म्हणून फेसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. शेवटी खळबळल्याचे पाणी झाडाला द्या. जागा बदलत राहा. शेणखत, पालापाचोळा घाला. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला हे पाणी नको. बाळाचे लंगोट धुतलेले पाणी तर कुठल्याच भाजीला नको. आजचे पाणी आजच वापरा. साठवले तर डास होतात.

शोषखड्डा ग्रामसभेत मागा. २०२० पासून स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गावच्या सांडपाण्याचे काम धरलेले आहे. आणि त्याच सभेत वस्तीच्या नळाचेही विचारा. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आपल्या महाडात चवदार तळ्याचे पाणी प्यायले. सांडपाणी जपून वापरू, पण चांगल्या पाण्यावरचा हक्क सोडणार नाही.