छायाचित्रण मंडळ : चातुर्मासातील उपक्रम

पावसाळा लागला की आपल्या छायाचित्रण मंडळातील तरुणांना लोणारची ओढ स्वस्थ बसू देत नाही. ती रास्तच आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले; खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे पुढे तपासणीत आढळले. रंग ओसरला, परंतु तारखेसह घेतलेली छायाचित्रे उरली. म्हणूनच आज ती पुरावा ठरतात.

यंदा चातुर्मासात ओल्या वाटांवरील जीवजंतू पायांखाली येऊ नयेत, यासाठी मंडळाने सहल न काढता घरातील काम हाती घेतले आहे. पेढ्यांवरील आणि घरांतील जुनी छायाचित्रे दमट हवेत बुरशी धरतात, काचेला चिकटतात. उघडीप पाहून ती चौकटीतून अलगद काढावीत. चिकटलेली मात्र ओढू नयेत, काचेसह तशीच ठेवावीत. खिडकीच्या सौम्य उजेडात, फ्लॅश न वापरता, कॅमेरा चित्राला समांतर धरून प्रत घ्यावी. मूळ चित्रामागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहावे.

हे शेवटचे काम लांबणीवर टाकू नये. चित्र आणखी दहा वर्षे टिकेल. पण पेढीवर पगडी घालून बसलेले ते गृहस्थ कोण, हे सांगणाऱ्या आजी तोवर असतीलच असे नाही. पर्युषणात कुटुंब एकत्र येते. त्यातील एक दुपार त्यांच्याजवळ बसावे, एकेक चित्र दाखवावे आणि त्या सांगतील ते लिहून घ्यावे. संवत्सरीनंतर सर्वांच्या प्रती मंडळात एकत्र पाहू.