पैसा कुणाच्या हातून जातो?

साथ आली की धर्मादाय संस्थांची दोन्हीकडून कोंडी होते. दारातली रांग वाढते आणि देणग्या आटतात. २०२० च्या वसंतात कॅनडातल्या रिचमंड हिलमध्येही वेगळं काही नव्हतं. देवळांत गर्दीला बंदी, निधी उभारायच्या जेवणावळी रद्द, आणि स्वयंसेवक बहुतेक साठीपुढचे, म्हणजे घरात बसवलेले.

२१ एप्रिलला ट्रुडो सरकारने ३५ कोटी डॉलरचा आपत्कालीन निधी जाहीर केला. तो सरकारने स्वतः वाटला नाही. युनायटेड वे, कम्युनिटी फाउंडेशन्स आणि रेड क्रॉस यांच्याकडे सोपवला. हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या) आलेली आजी, मुलगा-सून दोघं कामावर, रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या आणि इंग्रजीत फोन करायची धास्ती. ही आजी ओटावातल्या सरकारच्या कुठल्या यादीत सापडणार? तिला फोन करून ‘जेवलात का?’ विचारणारा माणूस गल्लीतलाच लागतो. घरपोच किराणा, औषधं, एकट्या वृद्धांना फोन, अशा कामांना या निधीतून पैसे मिळत होते.

मात्र मध्यस्थ कोण, यावर सगळं अवलंबून असतं. त्याच उन्हाळ्यात विद्यार्थी-स्वयंसेवकांची ९१ कोटी २० लाख डॉलरपर्यंतची योजना ‘वी चॅरिटी’ या एकाच संस्थेकडे गेली. पंतप्रधानांच्या आई आणि भावाला याच संस्थेच्या कार्यक्रमांत भाषणांचं मानधन मिळालं होतं, हेही उघड झालं; या वादात योजना बारगळली. घाईमुळे एकच संस्था निवडली, हे कारण मला पटत नाही. घाई दोन्ही वेळी होती.

आणि आपल्याकडे, भारतात काय झालं? सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी कायदा बदलला. मोठ्या संस्थेने आपल्या परदेशी देणगीतला वाटा खेड्यातल्या छोट्या संस्थेला देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. ऐन साथीत! गैरव्यवहार रोखायचा तर हिशेब तपासा, वाटच कशाला बुजवायची?

कॅनडाने २०२२ मध्ये उलट पाऊल टाकलं. आयकर कायदा बदलून नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना, हिशेबाच्या अटी पाळून, नोंदणी नसलेल्या गटांनाही अनुदान द्यायची मुभा दिली. इथल्या मराठी मंडळींनी ही सोय नीट समजून घ्यावी. तुमचा गट नोंदणीकृत नसेल, तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी आत्ताच बोलून ठेवा. पुढची साथ अर्ज भरायला सवड देणार नाही.