मांजराची दृष्टी जाते तेव्हा

वसई-विरार पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना बिऱ्हाड बदलणे नवे नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान टेम्पोत भरायचे आणि नालासोपाऱ्याहून विरारला, विरारहून नायगावला जायचे. भांडीकुंडी व गाद्यांबरोबर टोपलीतून मांजरही येते. नव्या घरात ते भिंतीला आपटते, रात्रभर ओरडते, हात लावला की बोचकारते. मग घरात बोलणे सुरू होते, ‘मांजर खुळावले, मासळी बाजारात सोडून या.’

भगिनींनो, असा निर्णय घेण्यापूर्वी एक शक्यता अवश्य तपासावी. मांजराला कदाचित दिसत नसेल. आणि जुन्या घरातही ते कित्येक महिने न दिसताच वावरत असेल.

हे आपल्या ध्यानात कसे आले नाही? मांजराच्या तोंडावर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २४ लांब मिशा असतात. भुवयांवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असे राठ केस असतात. हवेची बारीक हालचालही त्यांना कळते. कान आणि नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. नजर हळूहळू मंदावली तर मांजर घर पाठ करून टाकते. वाटी कुठे, मोरी कुठे, खिडकीची उडी किती, सारे त्याला ठाऊक असते. घर बदलले की हे पाठांतर एका दिवसात निरुपयोगी होते.

दृष्टी गेलेले मांजर भिंतीच्या कडेकडेने, अंग खाली दाबून चालते. उडी मारण्यापूर्वी पुढच्या पायाने चाचपून पाहते. समोरून हलवलेल्या दोरीकडे लक्ष देत नाही, पण कागद कुरकुरला की धावते. काही मांजरे एका कोपऱ्यात पडून राहतात, तर काही माणसाला सोडत नाहीत. अचानक स्पर्श झाला की दचकून चावतात. हा राग नव्हे, ही भीती असते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. कापसाचा छोटा बोळा मांजरासमोर वरून सोडावा. पडताना त्याचा आवाज होत नाही. दिसणारे मांजर बहुधा मान वळवून त्याच्याकडे पाहते. डोळ्यांपुढे हात हलवून मात्र पाहू नये. हाताचा वारा मिशांना कळतो आणि आपली फसगत होते.

मांजर एका दिवसात आंधळे झाले आणि उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर थांबू नये. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाच्या विकाराने रक्तदाब वाढतो आणि डोळ्यातील पडदा सुटतो. त्वरित औषध मिळाले तर थोडी दृष्टी परत येण्याची आशा असते. जवळचे पशुवैद्य गाठावेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. माणसाची गोळी मनाने देऊ नये. पॅरासिटॅमॉल मांजराला विषच आहे.

पिल्लांचे डोळे पुवाने चिकटले तर तेही दुखणे अंगावर काढू नये. आहारही महत्त्वाचा. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते कमी पडल्यास डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून नुसत्या दूधभातावर मांजर ठेवू नये. मासळी उकडून, काटे काढून द्यावी. टॉरिन पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणीही भातात कालवावे.

गेलेली दृष्टी परत आली नाही तरी मांजर सुखाने जगू शकते. वाटी आणि वाळूचा डबा यांची जागा बदलू नये. नव्या घरी आधी एकाच खोलीत ठेवावे, जुने अंथरूण न धुता द्यावे. उचलून भलतीकडे ठेवल्यास ते गोंधळते. वाटीजवळ किंवा डब्याजवळच खाली सोडावे. हात लावण्यापूर्वी हाक मारावी, ही सवय मुलांना लावावी. गॅलरीला जाळी बसवावी. गावात राहणाऱ्यांनी विहीर आणि बावखल यांची भीती लक्षात घेऊन त्याला एकटे बाहेर सोडू नये.

बाजारात सोडलेले आंधळे मांजर कुत्र्यांपुढे किंवा रिक्षाखाली किती दिवस टिकेल? उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी, आपला आवाज आणि घरातील वस्तूंच्या ठरलेल्या जागा एवढ्यावर ज्याचे जगणे चालते, त्याला तेवढे देणे कोणत्याही घराला जड नाही.